व्होल्टेज आणि करंट मोजून रोध व वॉट कसे काढावेत: घर, कोठा आणि विहिरीवरच्या वीजजोडणीसाठी

रब्बीच्या हंगामात हरभरा, ऊस आणि मोसंबीच्या बागा एकाच वेळी पाण्यावर आल्या, की मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत "आज व्होल्टेजच नाही" हे वाक्य कानावर पडते. मोटर नुसती गुणगुणते, स्टार्टर पुन्हा पुन्हा पडतो, कोठ्यातला दिवा पिवळा पडतो आणि सगळा दोष डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, जातो. तो दोष खरोखर डीपीचा असतो, की डीपीपासून विहिरीपर्यंत आपणच ओढलेल्या केबलचा, की त्या केबलमधल्या एखाद्या सैल जोडाचा, याचे उत्तर अंदाजाने देता येत नाही. व्होल्टेज आणि करंट हे दोन आकडे नीट मोजले, तर मात्र दहावीपर्यंतच्या गणितात ते काढता येते.

सूत्रे सोपी आहेत आणि ती बहुतेकांना शाळेपासून पाठ आहेत. हिशेब चुकतो तो मोजणीत. व्होल्टेज सकाळी मीटरच्या बोर्डावर मोजलेले, करंट दुपारी विहिरीवर पाहिलेला आणि वॉट उपकरणाच्या पाटीवरून घेतलेले, अशा तीन ठिकाणच्या आकड्यांनी केलेला हिशेब कागदावर कितीही बिनचूक दिसला तरी निरुपयोगी असतो. व्होल्टेज आणि करंट हे दोन्ही आकडे उपकरण चालू असताना, एकाच ठिकाणी आणि एकाच वेळी घ्यायचे, हा नियम पाळला तर पुढचे सगळे सुरळीत होते.

लागणारी सूत्रे

जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम असा आहे, की तापमान कायम असेल तर धातूच्या वाहकातून वाहणारा करंट हा त्याच्या दोन टोकांमधल्या व्होल्टेजच्या प्रमाणात असतो. त्यावरून:

रोध (ओहम) = व्होल्टेज (व्होल्ट) ÷ करंट (अँपिअर)

शक्ती (वॉट) = व्होल्टेज × करंट

या दोन सूत्रांतूनच आणखी दोन निघतात. शक्ती = करंट × करंट × रोध, आणि शक्ती = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध. चारही सूत्रे एकच गोष्ट सांगत असली, तरी त्यांचा उपयोग वेगवेगळ्या जागी होतो. केबल, जोड आणि मोटरचे वाइंडिंग यांच्यात किती उष्णता होते हे पाहायचे असेल तेव्हा करंटच्या वर्गाचे सूत्र वापरावे. व्होल्टेज कमी झाल्यावर हीटरची ताकद किती घटेल हे पाहायचे असेल तेव्हा व्होल्टेजच्या वर्गाचे सूत्र वापरावे. करंट मिलिअँपिअरमध्ये असेल तर आधी १००० ने भागून अँपिअर करून घ्यावा, कारण एककांची ही सरमिसळ झाली की उत्तर थेट हजारपटीने चुकते.

मोजणीची साधने आणि खबरदारी

व्होल्टेजसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. करंटसाठी मात्र क्लॅम्प मीटरच (तार न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर) घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मल्टिमीटरने करंट मोजायचा तर तार तोडून मीटर एकसर जोडणीत घालावा लागतो, आणि घरच्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर हे काम नवख्या माणसाने करू नये. त्याहून मोठा धोका पुढचा आहे. करंट मोजून झाल्यावर लाल पिन १० अँपिअरच्या भोकातच राहते आणि त्याच अवस्थेत दोन्ही टोके फेज व न्यूट्रलला लावली जातात. त्या भोकामागे मीटरचा रोध जवळजवळ शून्य असल्यामुळे तो सरळ शॉर्टसर्किट होतो आणि मीटर हातातच फुटू शकतो. मीटरवर कॅट-थ्री (मीटरच्या सुरक्षिततेचा दर्जा) आणि ६०० व्होल्ट असा उल्लेख आहे का, हे विकत घेतानाच पाहावे.

क्लॅम्प मीटरच्या जबड्यात एकच तार घ्यावी लागते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरल्या, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या करंटची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात आणि हीटर रसरसून तापलेला असतानाही मीटर शून्य दाखवतो. घरच्या उपकरणांच्या दोरीत दोन्ही तारा एकाच वेष्टनात असतात. म्हणून फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्या तीन सुट्या वायरींचा हातभर लांबीचा एक जोडबोर्ड वायरमनकडून करून घ्यावा आणि मोजणीसाठीच राखून ठेवावा. करंट फारच कमी असेल तर तीच तार जबड्यातून दहा वेळा फिरवून घ्यावी आणि आलेल्या आकड्याला दहाने भागावे.

ओहमच्या खुणेवर मीटर ठेवून चालू तारेला कधीही लावू नये. रोध मोजायचा तो पुरवठा बंद करून, टेस्टरने खात्री करून आणि कॅपॅसिटर असेल तर तो डिस्चार्ज झाल्यावरच मोजावा. विहिरीवर किंवा ओल्या काळ्या मातीत उभे राहून उघड्या टर्मिनलची मोजणी करू नये. कोरडी फळी आणि कोरडी रबरी चप्पल असली तरी ते काम परवानाधारक वायरमनने करावे आणि आपण आकडे लिहून घ्यावेत.

पहिली मोजणी: पाणी तापवायचा रॉड

सुरुवात करायला पाणी तापवायच्या रॉडसारखे उपकरण दुसरे नाही. त्याच्यात फक्त नायक्रोमची कॉईल असते, तापल्यावरही तिचा रोध फारसा बदलत नाही, आणि म्हणून ओहमचा नियम तिथे जसाच्या तसा लागू पडतो. पाटीवर १५०० वॉट, २३० व्होल्ट असे लिहिलेला रॉड पाण्याच्या बादलीत पूर्ण खुणेपर्यंत बुडवावा, जोडबोर्डातून सुरू करावा आणि दोन मिनिटे जाऊ द्यावीत. पुरवठा सुरू असेपर्यंत बादलीला किंवा पाण्याला हात लावू नये.

समजा रॉड चालू असताना त्याच बोर्डावर व्होल्टेज २१८ आणि करंट ६.२ अँपिअर मिळाला. मग रोध = २१८ ÷ ६.२ = ३५.२ ओहम, आणि शक्ती = २१८ × ६.२ = १३५२ वॉट. पडताळणी दुसऱ्या सूत्राने करावी: ६.२ × ६.२ × ३५.२ = १३५३. हे आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी गुणाकार चुकला आहे.

आता पाटीवरून येणारा रोध काढावा. २३० × २३० ÷ १५०० = ३५.३ ओहम. मोजलेला रोध याच्याशी जुळतो, म्हणजे रॉड ठीक आहे आणि पाटीवरचा दावाही खरा आहे. १५०० वॉट मिळत नाहीत त्याचे कारण एवढेच, की व्होल्टेज २३० नाही. रॉडचा रोध हा त्याचा स्वतःचा गुण आहे. वॉट हे त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजवर ठरतात. हाच रॉड १८० व्होल्टवर लावला तर १८० × १८० ÷ ३५.३ म्हणजे सुमारे ९१८ वॉटच देईल. व्होल्टेज २२ टक्क्यांनी कमी झाले, पण ताकद ३९ टक्क्यांनी घटली, कारण व्होल्टेजचा वर्ग होतो. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यासाठी सुमारे ०.५८ युनिट ऊर्जा लागते. १५०० वॉटवर त्याला २३ मिनिटे लागतात आणि ९१८ वॉटवर ३८. बाहेर निसटणारी उष्णता यात धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही वेळा थोड्या जास्तच भरतील. युनिट मात्र जवळपास तेवढेच पडते, फक्त वेळ वाढतो.

मोजलेला रोध पाटीच्या हिशेबापेक्षा बराच जास्त आला, तर आधी पिन आणि सॉकेट हाताळून पाहावे, अर्थातच पुरवठा बंद करून. पिन गरम लागत असेल तर वाढलेला रोध बहुधा तिथेच आहे.

आकडा किती खरा धरावा

मीटरवर २१८ दिसले म्हणजे व्होल्टेज नेमके २१८ आहे असे नसते. साधा मीटर एक-दोन व्होल्ट इकडेतिकडे दाखवतो आणि क्लॅम्प मीटर ०.१ अँपिअरने सहज हलतो. व्होल्टेजमध्ये २ व्होल्ट म्हणजे ०.९ टक्का आणि करंटमध्ये ०.१ अँपिअर म्हणजे १.६ टक्के. भागाकारात आणि गुणाकारात या टक्केवाऱ्यांची बेरीज धरावी, म्हणजे एकूण अडीच टक्के. म्हणून वरचा रोध "३५ ओहम, एक ओहम इकडेतिकडे" असा लिहावा. ३५.१६१ असा कॅल्क्युलेटरवरचा आकडा उतरवण्यात काही अर्थ नाही. ही सवय अनेकांना किचकट वाटते, पण पुढच्या भागात दोन व्होल्टेजची वजाबाकी करायची आहे, आणि वजाबाकीत चूक किती फुगते हे ज्याला माहीत नसते तो हमखास चुकीच्या जागी खोदकाम करतो.

आपल्या वायरचा रोध

मराठवाड्यात शेतातला कोठा किंवा विहीर मीटरपासून दोन-तीनशे मीटर लांब असणे ही रोजची गोष्ट आहे, आणि एवढ्या लांबीची वायर हेही एक उपकरणच असते. तिचा रोध काढण्याची रीत अशी.

कोठ्यातल्या बोर्डावर सर्व काही बंद असताना व्होल्टेज मोजावे. मग तोच तपासलेला रॉड तिथे लावावा आणि चालू असताना त्याच बोर्डावर व्होल्टेज व करंट मोजावा. नंतर रॉड बंद करून व्होल्टेज पुन्हा मोजावे. पहिला आणि तिसरा आकडा सारखा असेल तर मोजणी चालू असताना पुरवठा स्थिर होता; दोन-तीन व्होल्टचा फरक असेल तर सरासरी घ्यावी; त्याहून जास्त फरक असेल तर शेजारच्या मोटरी चालू-बंद होत आहेत असे समजून दुसरी वेळ निवडावी.

समजा कोठ्यात रिकामे व्होल्टेज २२४ आले, आणि रॉड लावल्यावर १९६ व्होल्ट व ५.६ अँपिअर. रॉडचा रोध १९६ ÷ ५.६ = ३५ ओहम, म्हणजे घरी मोजला होता तोच, त्यामुळे मोजणीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. व्होल्टेजची घट २२४ − १९६ = २८ व्होल्ट. हे २८ व्होल्ट वाटेत खर्ची पडले. वाटेचा रोध = २८ ÷ ५.६ = ५ ओहम. वाटेत उष्णता होऊन वाया गेलेली शक्ती = २८ × ५.६ = १५७ वॉट, आणि रॉडला मिळालेली शक्ती १९६ × ५.६ = १०९८ वॉट. इथे २२४ ÷ ५.६ असा भागाकार करून ४० ओहम हा रॉडचा रोध मानणे ही नेहमीची चूक आहे. ते ४० ओहम रॉड आणि वाट यांचे मिळून आहेत.

या पाच ओहमांपैकी आपले किती आणि डीपीकडचे किती, हे ठरवण्यासाठी रॉड कोठ्यात चालू असतानाच दुसऱ्या माणसाने मीटरजवळच्या बोर्डावर व्होल्टेज पाहावे. तिथे २२४ चे २२२ झाले असतील तर पुरवठ्याकडची घट फक्त २ व्होल्ट आहे आणि उरलेले २६ व्होल्ट आपल्याच वायरीत जात आहेत. तक्रार कुणाकडे करायची, की वायरीवर खर्च करायचा, हे या एका मोजणीवर ठरते. माझ्या अनुभवात लांबच्या कोठ्यांच्या बाबतीत दोष आपल्या बाजूचा निघण्याचेच प्रमाण जास्त असते.

आपल्या बाजूचा रोध २६ ÷ ५.६ = ४.६ ओहम. आता वायर नवी आणि अखंड असती तर तो किती असायला हवा होता, ते काढावे. २० अंश सेल्सिअसला एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक किलोमीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे १७.२ ओहम, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा सुमारे २८.२ ओहम असतो. या आकड्याला तारेच्या चौरस मिलिमीटरने भागायचे आणि किलोमीटरमधल्या लांबीने गुणायचे. मात्र लांबी दुप्पट धरायची, कारण करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने परत येतो. ही दुप्पट विसरल्यामुळे निम्म्या जाडीची वायर विकत घेतलेली घरे गावोगाव सापडतील.

कोठा २७० मीटरवर असेल आणि वायर ४ चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर लांबी ५४० मीटर, म्हणजे ०.५४ किलोमीटर. २८.२ ÷ ४ × ०.५४ = ३.८ ओहम. हा रोध २० अंशांचा झाला. मार्च-एप्रिलच्या दुपारी उन्हात लोंबणारी वायर ४५ अंशांवर सहज जाते. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम या दोन्हींचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणून २५ अंशांना दहा टक्के धरावेत: ४.२ ओहम. मोजलेला ४.६ आणि असायला हवा तो ४.२. उरलेला ०.४ ओहम कुठेतरी जोडात आहे असे लगेच म्हणावेसे वाटते, पण इथेच थांबावे. २८ व्होल्टच्या वजाबाकीत प्रत्येक मोजणीचा एक व्होल्ट धरला तरी दोन व्होल्टची, म्हणजे सात टक्क्यांची चूक असू शकते. करंटची मिळवून ती नऊ टक्क्यांपर्यंत जाते. पाच ओहमांच्या नऊ टक्के म्हणजे ०.४५ ओहम. ज्याच्यावर आरोप ठेवायचा तो आकडा आणि मोजणीतली चूक सारखीच भरते. त्यामुळे जोडाची मोजणी थेट जोडावर करावी लागते.

जोडाची थेट मोजणी

वेड्या बाभळीच्या खांबावरून गेलेल्या वायरीत मध्येच एक जोड असतो: दोन टोके पिळलेली, त्यावर काळी टेप, आणि टेपच्या कडा चुरगळून कडक झालेल्या. टेप काढल्यावर तार काळपट आणि तिच्यावर पांढरट भुकटी दिसली, तर अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढला आहे. तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची तार थेट एकमेकींना पिळलेली असेल तर हे आणखी लवकर होते.

वायरमनने पुरवठा बंद करून जोड उघडा करावा, आणि पुरवठा सुरू करून रॉड चालू असताना इन्सुलेटेड टोकांनी जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे, एकाच तारेवर, व्होल्टेज मोजावे. चांगल्या जोडावर हा आकडा काही मिलिव्होल्टच असतो. तो २.४ व्होल्ट आला, तर जोडाचा रोध = २.४ ÷ ५.६ = ०.४३ ओहम आणि तिथे होणारी उष्णता = २.४ × ५.६ = १३ वॉट. इथे कसली वजाबाकी नाही, म्हणून हा आकडा विश्वासाचा आहे. १३ वॉट ऐकायला थोडे वाटतात. पण याच जोडातून मोटरचा १५ अँपिअर करंट गेला तर १५ × १५ × ०.४३ = ९७ वॉट होतात, आणि ते बोटभर लांबीच्या जागेत. कामाच्या सोल्डरिंग इस्त्रीला एवढे वॉट लागत नाहीत. वाळलेल्या कडब्याच्या गंजीवरून किंवा कोठ्याच्या पाचटाच्या छपराखालून असा जोड गेला असेल, तर तो त्याच दिवशी काढून क्रिम्प केलेल्या लग्जने किंवा योग्य कनेक्टरने बसवावा. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे जोडायचे असेल तर त्यासाठीचे बायमेटल कनेक्टरच वापरावेत.

वायरच बदलायची ठरली तर हिशेब आधी कागदावर करावा. ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घेतली तर १७.२ ÷ ४ × ०.५४ = २.३, आणि उन्हाळ्यातली वाढ धरून २.६ ओहम. पुरवठ्याकडचा ०.३६ ओहम मिळवून साधारण ३ ओहम. रॉडचा करंट = २२४ ÷ (३५ + ३) = ५.९ अँपिअर, आणि कोठ्यात मिळणारे व्होल्टेज ५.९ × ३५ म्हणजे सुमारे २०६. दहा व्होल्टची सुधारणा पुरेशी आहे की ६ चौरस मिलिमीटरपर्यंत जावे, हे दुकानात जाण्यापूर्वीच ठरवता येते.

मोठ्या प्रमाणावरही हेच सूत्र चालते. परळीच्या औष्णिक केंद्रातल्या २५० मेगावॉटच्या एका संचाची शक्ती ११ किलोव्होल्टवर वाहून न्यायची म्हटली, तर तीन फेजच्या तारांतून प्रत्येकी सुमारे १३,१०० अँपिअर वाहतील; २२० किलोव्होल्टवर तेच काम सुमारे ६५६ अँपिअरमध्ये होते. करंट वीसपटीने घटला, म्हणून त्याच तारांमधली उष्णता चारशे पटीने घटली. उंच मनोऱ्यांवरून दाब वाढवून वीज नेण्याचे कारण हेच आहे.

मोटरचा हिशेब वेगळा आहे

तीन फेजची ५ अश्वशक्तीची सबमर्सिबल मोटर चालू असताना दोन फेजमधले व्होल्टेज ३९८ आणि प्रत्येक तारेतला करंट ९.१ अँपिअर मिळाला, तर ३९८ ÷ ९.१ = ४३.७ हा आकडा मोटरचा रोध नव्हे. पुरवठा बंद करून स्टार्टरवरून मोटरकडे जाणाऱ्या तारा सोडवल्या आणि त्यांच्यातला रोध ओहममीटरने मोजला, तर तो तीन-चार ओहमच भरतो. फरक पडतो कारण फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज निर्माण करते आणि वाइंडिंगचा चुंबकीय परिणाम करंटला अडवतो. त्यामुळेच सुरू होतानाच्या क्षणी, जेव्हा मोटर अजून फिरत नसते, तेव्हा करंट नेहमीच्या पाच ते सात पट उसळतो.

तीन फेजची शक्ती अशी काढावी: १.७३२ × व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर (व्होल्टअँपिअरपैकी खरे वॉट किती, ते सांगणारा आकडा). १.७३२ × ३९८ × ९.१ = ६२७३ व्होल्टअँपिअर. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ५०१८ वॉट. तो मोजता येत नसेल तर पाटीवरचा धरावा, पण तो १ धरून हिशेब करू नये. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, म्हणून ५ अश्वशक्ती म्हणजे ३७३० वॉट. ही मोटरच्या दांड्यावर मिळणारी ताकद असते. मोटर पूर्ण भारावर असेल तर कार्यक्षमता ३७३० ÷ ५०१८ = ७४ टक्के, आणि आठ तासांच्या पाळीत सुमारे ४० युनिट खर्च होतात.

सोडवलेल्या तारांमधला रोध मोजताना मल्टिमीटरची दोन टोके आधी एकमेकांना टेकवून जो आकडा येतो (बहुधा ०.२ ते ०.४ ओहम) तो वजा करावा. तिन्ही जोड्यांचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. ३.६, ३.६ आणि ३.७ हे निरोगी मोटरचे आकडे झाले. एक जोडी वेगळी आली तर वाइंडिंगमध्ये, केबलमध्ये किंवा पाण्याखालच्या जोडात बिघाड आहे, आणि बोअरमधून मोटर काढण्याआधीच तो कळतो. याच रोधावरून स्टेटरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या) वाइंडिंगमध्ये आणि केबलमध्ये होणारी उष्णता निघते: १.५ × करंटचा वर्ग × दोन तारांमधला रोध. ९.१ अँपिअरला १.५ × ८२.८ × ३.६ = ४४७ वॉट.

आता रब्बीतल्या रात्रीच्या पाळीत व्होल्टेज ३४० वर आले असे धरावे. रॉडचा करंट व्होल्टेजबरोबर घटतो. मोटरचे उलटे आहे. पाण्याचा भार तोच असल्यामुळे ती जास्त करंट ओढते. तो ११.२ अँपिअर झाला तर उष्णता १.५ × १२५.४ × ३.६ = ६७७ वॉट. करंट २३ टक्क्यांनी वाढला आणि उष्णता ५१ टक्क्यांनी. वाइंडिंगचा रोध तापल्यावर आणखी वाढतो, म्हणून खरा आकडा याहूनही वरचा असतो. कमी व्होल्टेजवर मोटर जळते ती अशी. म्हणून स्टार्टरचा ओव्हरलोड रिले पाटीवरच्या करंटवरच लावून ठेवावा. तो वारंवार पडतो म्हणून वर सरकवणे म्हणजे मोटर रिवाइंडिंगला पाठवण्याची तयारी करणे होय.

दिवे आणि सौर पंप

१०० वॉटच्या जुन्या पिवळ्या दिव्याचा पेटलेला रोध ५२९ ओहम येतो, तर थंड फिलामेंटचा ओहममीटरवर चाळीसच्या आसपास. दोन्ही बरोबर आहेत. टंगस्टन तापल्यावर त्याचा रोध कित्येक पट वाढतो. एलईडी दिव्याला तर एक ठरावीक रोधच नसतो, आणि त्याच्या व्होल्टेज-करंटच्या गुणाकारात पॉवर फॅक्टर न धरल्यास वॉट जास्त दिसतात.

सौर कृषी पंपाच्या पॅनेलकडून येणारा प्रवाह एकदिश (डीसी) असतो, म्हणून तिथे व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे सरळ खरे वॉट. ३ अश्वशक्तीच्या पंपासोबत साधारण ३००० वॉटची पॅनेल असतात. पंप चालू असताना कंट्रोलरवर २९० व्होल्ट आणि ७.४ अँपिअर दिसले, तर २१४६ वॉट मिळत आहेत. ऐन उन्हातही हा आकडा खालीच राहत असेल तर आधी पॅनेलवरची धूळ पुसावी आणि सावली पडते का ते पाहावे. पंप बंद असतानाचे व्होल्टेज या हिशेबात घेऊ नये. एकदिश प्रवाहासाठी त्याची सोय असलेलाच क्लॅम्प मीटर लागतो, आणि पंप चालू असताना पॅनेलचे कनेक्टर कधीही ओढून काढू नयेत, कारण एकदिश प्रवाहाची ठिणगी आपोआप विझत नाही.

अर्थिंगला लावलेला ओहमचा नियम

काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, की अर्थिंगच्या सळईभोवती हवाच उरते. सळईचा जमिनीशी असलेला रोध पावसाळ्यात ५ ओहम आणि मे महिन्यात ५० ओहम, असा फरक धरून हिशेब करून पाहावा. मोटरच्या पेटीला आतून फेज चिकटली, तर ५ ओहमांना २३० ÷ ५ = ४६ अँपिअर करंट जमिनीत जातो आणि १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाल्यावर आपोआप पडणारा स्विच) पडतो. ५० ओहमांना २३० ÷ ५० = ४.६ अँपिअरच. एमसीबीला हा नेहमीचा भार वाटतो, तो पडत नाही, आणि लोखंडी पेटीवर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट राहतात. ओल्या हाताच्या माणसाच्या शरीराचा रोध १००० ओहम धरला तरी त्याच्यातून २३० मिलिअँपिअर जातील, आणि ते प्राणघातक आहे.

म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ भरून उन्हाळ्यात पाणी घालत राहणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. तोच हिशेब पुन्हा केला तर कारण कळते: अर्थिंग ५० ओहमांचे असले, तरी ३० मिलिअँपिअर गळती होताच पुरवठा तुटतो, आणि तेवढ्या गळतीला पेटीवर ०.०३ × ५० = १.५ व्होल्टच येऊ शकतात. तीन फेजच्या जोडणीला चार पोलचा आरसीसीबी घ्यावा. अर्थिंगचा रोध मल्टिमीटरने मोजता येत नाही. त्यासाठी दोन जादा सळया ठोकून वापरायचा अर्थ टेस्टर लागतो, आणि ती मोजणी जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हा, म्हणजे मृगाच्या आधी, करून घ्यावी. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. ते दाबल्यावर पुरवठा तुटला नाही, तर तो आरसीसीबी लगेच बदलावा आणि तोवर मोटरच्या पेटीला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा.